‘रन’ : एका लहान क्रियापदाचा मोठा संसार

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला ‘रन’ हा शब्द अगदी आरंभीच भेटतो. ‘रन’ म्हणजे धावणे, एवढा अर्थ वहीत उतरला की शिक्षकाचे आणि विद्यार्थ्याचे समाधान होते. पुढे मात्र हाच शब्द दुकानात, दवाखान्यात, कचेरीत व न्यायालयात वारंवार समोर येतो, आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी कोणीही धावत नसते. ही अडचण विद्यार्थ्याच्या मंदबुद्धीची नव्हे. तिचे मूळ त्या शब्दाच्या इतिहासात आहे.

ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १९२८ साली पूर्ण झाली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. नव्या संशोधित आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर हा मान २००० साली ‘मेक’कडे, २००७ साली ‘पुट’कडे आणि २०११ साली ‘रन’कडे गेला. ‘रन’ या क्रियापदाच्या ६४५ अर्थच्छटा कोशकारांनी नोंदविल्या. हे चारही शब्द एकाक्षरी आणि अगदी घरगुती आहेत. भाषेतील सर्वाधिक ओझे विद्वज्जड शब्द वाहत नाहीत. ते अशाच लहान शब्दांच्या खांद्यावर असते.

एवढे अर्थ आले कोठून? प्राचीन इंग्रजीत दोन निरनिराळी क्रियापदे होती. एकाचा अर्थ ‘धावणे, वाहणे’, तर दुसऱ्याचा ‘धाववणे, दौडवणे’ असा होता. कालांतराने दोन्ही एकरूप झाली. त्यामुळे सर्दीने नाक वाहते किंवा नळाचे पाणी वाहते, तेव्हा इंग्रज जे ‘रन’ वापरतो तो काव्यात्म अलंकार नव्हे. वाहण्याचा तो जुनाच अर्थ आहे. पुढे यंत्रयुग आले. गिरणी, आगगाडी, घड्याळ, आणि अलीकडे संगणक, या सर्वांच्या अखंड गतीला हाच शब्द लाभला.

भारतीय वाचकाला येथे एक मौजेची गोष्ट आढळेल. इंग्रजाचे दुकान धावते, मराठी माणसाचे दुकान चालते. हिंदीत, गुजरातीत व बंगालीतही ते चालतेच. तमिळ आणि कन्नड ही वेगळ्या भाषाकुलातील. पण तेथेही ‘चालणे’ या अर्थाच्या क्रियापदावरूनच संस्था अथवा व्यवहार ‘चालविणे’ हा अर्थ साधला जातो. शिवाय ‘चालणे’ आणि ‘चालविणे’ यांतील भेद मराठीत स्पष्ट दिसतो. इंग्रजीत दुकान ‘रन’ होते आणि मालकही दुकान ‘रन’ करतो. कोण कर्ता आणि कोण कर्म, हे वाक्यरचनेवरूनच ओळखावे लागते.

सर्वत्र ‘चालणे’ योजून मात्र भागत नाही. रस्ता गावातून ‘जातो’, कपड्याचा रंग ‘जातो’, रुग्णाला ताप ‘असतो’, एखादा गुण घराण्यात ‘पिढ्यान्‌पिढ्या उतरतो’. निवडणुकीला अमेरिकन उमेदवार धावतो, ब्रिटिश उमेदवार उभा राहतो. मराठी उमेदवार उभा राहतो आणि निवडणूक लढवतोही. क्रिकेटमध्ये मात्र मराठीने धावण्याची मूळ कल्पना जपली. ‘धाव’, ‘धावसंख्या’, ‘धावचीत’ हे शब्द आता परके वाटत नाहीत.

हा केवळ कोशातला विनोद असता तर तेवढ्यावरच थांबता आले असते. परंतु या एका क्रियापदावर माणसाची वर्षे अवलंबून असतात. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, एकाहून अधिक शिक्षांच्या संदर्भात ‘रन’ हाच शब्द आहे. एखाद्याला एका खटल्यात तीन आणि दोन वर्षांच्या दोन शिक्षा झाल्या, तर त्या एकाच वेळी ‘धावतील’ की एकामागून एक, यावर त्याची सुटका तीन वर्षांनी होणार की पाच, हे ठरते. मराठीत शिक्षा धावत नाही, चालतही नाही. ती माणूस भोगतो. अनुवादकाने क्रियापदाबरोबर कर्ताही बदलला, तरच कैद्याच्या घरच्यांना आदेशाचा अर्थ कळेल.

दुसरे उदाहरण १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे. त्याच्या नवव्या कलमाचा आशय असा, की मुदत एकदा ‘धावू’ लागली म्हणजे दावेदाराला नंतर आलेल्या असमर्थतेमुळे ती सामान्यतः थांबत नाही. येथे ‘रन’ म्हणजे मुदत मोजली जाऊ लागणे. पण त्याच शब्दापुढे ‘आउट’ हे लहानसे अव्यय आले, की मुदत संपलेली असते. हक्क शाबूत आहे की बुडाला, हे त्या एका अव्ययाने ठरते. हा फरक न कळलेल्या पक्षकाराला नोटिशीतील प्रत्येक शब्द ओळखीचा वाटेल आणि तरीही तिचा अर्थ त्याच्या हाती लागणार नाही.

यावरून शिकविण्याची दिशा स्पष्ट होते. ६४५ अर्थ पाठ करणे कोणालाही शक्य नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. काय ‘रन’ होते आहे, कोण करतो आहे आणि पुढे कोणते अव्यय आले आहे, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर बहुतेक वाक्ये आपोआप उलगडतात. ‘रन’ म्हणजे धावणे हा पहिला धडा चुकीचा नाही; तो अपुरा आहे, एवढे शिक्षकाने त्याच दिवशी सांगून ठेवले पाहिजे.