मांडवात कोण कोठे बसतो?

लग्नसराई जवळ आली आहे. आपल्यापैकी अनेकांच्या दारी मांडव पडतील. म्हणून एका साध्या प्रश्नाविषयी बोलतो: पाहुण्यांना बसवावयाचे कसे?

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधील चहाच्या पेल्यावरून मोठमोठ्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली. पुढे अनंत हरि गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घातली. आज शहरांत तरी जातवार पंगत उघडपणे फारसे कोणी मांडत नाही. पण पंगत गेली आणि कोच आला! पहिल्या रांगेत कोचावर आमदार आणि कारखान्याचे संचालक. रात्रभर राबलेला मुलीचा मामा मात्र खांबाला टेकून उभा.

माझ्या मुलीच्या लग्नात आम्ही कोच ठेवले नाहीत, वरपक्षाची वेगळी पंगतही मांडली नाही. त्याचा मला अभिमान वाटत होता. दुपारी सहज मागे गेलो, तो वाजंत्री मंडळी भांडी घासण्याच्या जागेशेजारी जेवत होती. त्यांना तेथे कोणी बसविले? कोणीच नाही. आमच्या यादीत त्यांची पानेच धरलेली नव्हती. वाजंत्री बहुधा कोणत्या समाजातले असतात, हे तुम्हांस सांगावयास नको.

तेव्हा यादी करताना आचारी, मांडववाले, वाजंत्री यांची पाने आधी मोजा आणि पाहुण्यांच्याच ओळीत मांडा. घरच्या स्त्रिया नेहमी शेवटी बसतात. एक पंगत पुरुषांनी वाढावी. व्याही रुसतील. रुसू देत, समजूत काढावयास मी स्वतः येईन.