काठी ही भीक नव्हे

(महाड व पोलादपूर तालुक्यांतील ज्येष्ठांच्या बैठकीत केलेले भाषण)



आजचा विषय साधा आहे. वृद्ध आईच्या हातातील काठीचे पैसे कोणी द्यावयाचे, एवढाच. आपल्या वाड्या डोंगरउतारावर वसलेल्या आहेत. घरापासून रस्त्यापर्यंत चढ, आणि रस्त्यावर एस.टी.ची वाट. ज्याचे पाय चालत नाहीत, त्याचे रेशन, त्याचे निवृत्तिवेतन आणि त्याचे मत ही तिन्ही दुसऱ्याच्या मर्जीवर जातात. म्हणून हा प्रश्न केवळ आजारपणाचा नसून माणसाच्या स्वातंत्र्याचा आहे.

पोलादपूरकडील एका वाडीतील आजींची हकीकत सांगतो. त्या पडल्या व खुबा मोडला. सरकारी विम्याच्या कार्डावर शस्त्रक्रिया झाली, पैसा लागला नाही. घरी पाठविताना सांगण्यात आले, "वॉकर घेऊन चालवा." वॉकर मात्र मिळाला नाही. मुलगा रोजंदारीवर. आजी चार महिने ओटीवर बसून राहिल्या आणि बरा झालेला पाय बसल्या जागी आखडला. मजकडे ते लोक आले तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "वॉकर लेखी मागितला होता काय?" मागितला नव्हता. मागता येतो हेच त्यांना ठाऊक नव्हते.

असे का होते, ते नीट समजून घ्या. रायगड जिल्ह्यास आरोग्य विम्याची ओळख २०१२ पासून आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत आपला जिल्हा होता. तीच योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू झाली. २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली, आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, तिचा लाभ खुला झाला. परंतु हा विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्यासाठी आहे. हाडात बसविलेली पट्टी त्यात येते. घरी गेल्यावर हातात धरावयाची काठीही येईलच, असे गृहीत धरू नका. घरी सोडण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्रास स्पष्ट विचारा, आणि डॉक्टरांकडून साधनाची शिफारस लिहून घ्या. तो कागद पुढे प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडेल.

काठीसाठी दारे निराळी आहेत. पहिले दार राष्ट्रीय वयोश्री योजनेचे. ती २०१७ साली सुरू झाली. ६० वर्षांवरील दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना, आणि पुढील नियमाप्रमाणे महिना १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांनाही, शिबिरांत तपासून काठी, कुबड्या, वॉकर, चाकांची खुर्ची, कानाचे यंत्र विनामूल्य देण्याची तीत तरतूद आहे. साधने कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्याकडून येतात.

दुसरे दार मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे. राज्य शासनाने ती २०२४ च्या फेब्रुवारीत मंजूर केली. वय ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, अशांच्या बँक खात्यात साधनखरेदीसाठी एकदाच ३,००० रुपये जमा करावयाचे, असा तो निर्णय होता. खरेदीची पावती मुदतीत सादर करावी लागते, हे विसरू नका. अर्ज सध्या घेतले जात आहेत काय, हे समाजकल्याण कार्यालयास विचारा.

तिसरे दार अपंगत्वाच्या कायद्याचे. ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असेल, तर १९८१ पासून चालू असलेल्या केंद्राच्या एडिप योजनेतून साधन मागता येते. म्हातारपणामुळे दाखला मिळत नाही, ही समजूत चुकीची आहे. वयाने नव्हे, अवयवाच्या स्थितीने दाखला ठरतो.

आता कायद्याची बाजू. घटनेचे कलम ४१ वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्याचा हक्क सांगते. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर एकट्याने दावा लावता येत नाही, हे वकील म्हणून मी लपविणार नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०१८ रोजी अश्वनी कुमार यांच्या प्रकरणात वृद्धांचे आरोग्य व सन्मान हे कलम २१ च्या जीविताच्या हक्कात मोडतात, असे मान्य केले. म्हणून ओशाळवाणे होऊन मागू नका.

शेवटी तीन गोष्टी करा. तोंडी मागू नका, लेखी मागा. अर्जाच्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आले, तर अर्जाचे काय झाले हे माहितीच्या अधिकाराखाली विचारा. आणि जुलै २०२१ चा महाडचा पूर आठवून सर्व कागदांच्या नकला दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवा. अलिबाग येथून शंभर किलोमीटर दूर आहे. एका वृद्धाने एकट्याने जावे, ते अशक्य. परंतु वाडीतील एका शिकलेल्या तरुणाने दहा जणांचे अर्ज एकत्र नेले, तर दहा जणांचा प्रवास वाचतो. त्या तरुणाचे नाव आज येथून उठण्यापूर्वीच ठरवा.

त्या आजींचा अर्ज आम्ही दिला आहे. पोच त्यांच्याजवळ आहे. उत्तर येईतो ती जपून ठेवा, असे मी त्यांना सांगितले. तुम्हांलाही तेच सांगतो.