तोंडावरचें बोट

प्राथमिक शाळेच्या वर्गांत सर्वांच्या परिचयाची अशी एक आज्ञा आहे : 'हाताची घडी, तोंडावर बोट.' चाळीस मुलांचा गलका शांत करण्यास ती सोयीची आहे आणि तिच्यांत वाईट असें कांहीं नाहीं. परंतु शाळेंत जाणाऱ्या लहान मुलाचें अत्याचारापासून रक्षण कसें करावें, ह्या प्रश्नाचा विचार करूं लागलें म्हणजे ह्या साध्या आज्ञेचा एक निराळा अर्थ ध्यानांत येतो. मुलानें गप्प बसावें, मोठ्यांचें ऐकावें, उलट बोलूं नये, हे गुण घर आणि शाळा मिळून त्याच्या अंगीं बाणवितात. आणि अत्याचार करणारा माणूस नेमका ह्याच गुणांवर विसंबून असतो. म्हणून मुलाच्या संरक्षणाचा प्रश्न हा मुख्यतः भिंतीचा आणि पहारेकऱ्याचा प्रश्न नव्हे. मुलाचा शब्द कोण ऐकतो, केव्हां ऐकतो आणि ऐकल्यावर काय करतो, ह्याचा तो प्रश्न आहे.

ह्या विषयासंबंधीं सुशिक्षित घरांतूनहि एक गैरसमज दृढ झालेला आढळतो. धोका बाहेरून येतो, तो अनोळखी माणसाच्या रूपानें येतो आणि त्याच्या हातांत खाऊचा पुडा असतो, अशी ती समजूत. वस्तुस्थिति वेगळी आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना तींत प्रश्न विचारण्यांत आले होते. महाराष्ट्र आणि गोवा हीं राज्यें त्यांत होतीं. निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा ५३ मुलांनीं, कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार आपल्या वाट्यास आल्याचें सांगितलें. त्यांत मुलग्यांची संख्या मुलींहून कमी नव्हती. अत्याचार करणाऱ्यांपैकीं सुमारें निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासांतले होते. आणि बहुतेक मुलांनीं ती गोष्ट कोणापाशींहि बोलून दाखविली नव्हती. ह्या शेवटच्या वाक्यांतच सर्व प्रश्नाचें मर्म आहे.

मूल बोलत नाहीं ह्याचें कारण अत्याचाराच्या पद्धतींत आहे. असा माणूस बहुधा पहिल्याच दिवशीं मर्यादा ओलांडीत नाहीं. तो प्रथम विश्वास संपादन करतो. एखाद्या मुलाला जवळ बसवून घेणें, त्यालाच पेन्सिल किंवा गोळी देणें, शाळा सुटल्यावर कांहीं कामाच्या निमित्तानें मागें थांबविणें, अशा सवलतींनीं आरंभ होतो. मग 'हें आपल्या दोघांचें गुपित' अशी भाषा सुरू होते. पुढें त्या गुपिताला भीतीची जोड मिळते : 'आई रागावेल', 'शाळेंतून काढून टाकतील', 'तुझें कोण खरें मानणार?' निवडहि विचारपूर्वक केलेली असते. जें मूल एकटें पडलेलें आहे, अडखळत बोलतें, अपंग आहे, किंवा ज्याच्या घरीं चौकशी करण्यास कोणाला सवड नाहीं, तें आधीं हेरलें जातें.

त्यांत मराठी घराच्या एका सुंदर चालीचा गैरफायदा घेतला जातो. शाळेंतला शिपाई हा 'काका', स्कूल बसवरचा माणूस 'दादा', मुलांना आवरणारी बाई 'मावशी'. नात्याचे हे शब्द जिव्हाळ्याचे आहेत आणि ते टाकून देण्याचें कारण नाहीं. परंतु नात्याबरोबर आज्ञापालनहि येतें, हें विसरतां कामा नये. काकांना 'नको' म्हणण्याची मुभा मुलाला कोणी दिलेली नसते. कुंपणच शेत खाऊं लागलें म्हणजे पिकानें कोणाकडे पाहावें, अशी त्या मुलाची अवस्था होते.

तरीहि मूल अगदींच मुकें राहत नाहीं. तें आपल्या परीनें सांगत असतें. झोपेंत दचकणें, सुटलेली अंथरूण भिजविण्याची सवय पुन्हां लागणें, रोज सकाळीं पोट दुखणें, शाळेंतल्या स्वच्छतागृहांत जाण्याचें टाळणें, एखाद्या व्यक्तीचें नांव निघतांच गप्प होणें, वयाला न शोभणारे शब्द किंवा खेळ ह्यांचा अवलंब करणें, हीं तीं चिन्हें होत. ह्यांपैकीं एखादें चिन्ह म्हणजे पुरावा नव्हे. शाळा बदलल्यानें किंवा घरांत भावंड आल्यानेंहि मूल असें वागूं शकतें. परंतु वागण्यांत एकाएकीं बदल झाला असतां त्याचें कारण शांतपणें शोधणें हें वडीलधाऱ्यांचें काम आहे.

दुसरीच्या वर्गांतील एखादी मुलगी रात्रीं जेवतांना म्हणते, 'आई, उद्यां मला शाळेंत नाहीं जायचें.' गृहपाठ झाला नसेल, असें समजून आई तो विषय मिटविते. दोन दिवसांनीं तीच मुलगी म्हणते, 'ते काका मला आवडत नाहींत.' 'मोठ्या माणसांबद्दल असें बोलूं नये, बाळ,' हें उत्तर तिला मिळतें. येथें आईच्या प्रेमांत कांहीं उणें नाहीं. परंतु मुलीनें दोनदां सांगण्याचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळां तो फुकट गेला. तिसऱ्यांदां ती बोलेलच, असा भरंवसा देतां येत नाहीं.

ह्याकरितां पहिल्यांदां ऐकणाऱ्या माणसाचें वर्तन फार महत्त्वाचें ठरतें. मग ती आई असो, आजी असो किंवा वर्गाच्या बाई असोत. ऐकणाऱ्यानें धक्का बसल्याचें चेहऱ्यावर दाखवूं नये. मूल त्यामुळें भितें आणि शब्द मागें घेतें. 'त्यानें असें केलें का, तसें केलें का' असे प्रश्न विचारून उत्तर त्याच्या तोंडीं घालूं नये. 'मग काय झालें?' एवढेंच विचारावें आणि तें जितकें सांगेल तितकेंच ऐकावें. 'तूं सांगितलेंस हें फार चांगलें केलेंस. ह्यांत तुझी चूक नाहीं,' हीं दोन वाक्यें त्याला अवश्य ऐकवावीं. 'मी कोणाला सांगणार नाहीं' असें वचन मात्र देऊं नये, कारण तें पाळतां येणार नाहीं. मुलानें वापरलेले शब्द, ते बोबडे असले तरी, तसेच्या तसे तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवावे. आणि त्याला काका-मामांसमोर, मुख्याध्यापकांसमोर, चालकांसमोर पुन्हां पुन्हां तीच हकीकत सांगावयास लावूं नये.

पुढचें काम कायद्याचें आहे. बालकांचें लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा, पोक्सो ह्या नांवानें प्रसिद्ध असलेला, कायदा २०१२ सालीं झाला आणि त्याच वर्षीं १४ नोव्हेंबरपासून अमलांत आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक मूल, मुलगा असो वा मुलगी, त्याच्या छत्राखालीं येतें. ज्याला अशा अपराधाची माहिती आहे, त्यानें ती पोलिसांना कळविणें ह्या कायद्यानें बंधनकारक केलें आहे. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. संस्थेच्या प्रमुखानें हाताखालच्या माणसाचा अपराध दडविला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. शुद्ध बुद्धीनें कळविणाऱ्यावर मात्र कोणतीहि जबाबदारी येत नाहीं. शाळेच्या सेवकांपैकीं किंवा चालकांपैकीं कोणी हा अपराध केल्यास तो अधिक गंभीर मानला जातो.

मुलाला पोलीस चौकीचें भय वाटूं नये, अशीहि तरतूद ह्या कायद्यांत आहे. त्याचा जबाब त्याच्या घरीं किंवा तें म्हणेल त्या ठिकाणीं, शक्यतों स्त्री अधिकाऱ्यानें, गणवेश न घालतां घ्यावयाचा असतो. आरोपीशीं त्याची गांठ पडूं द्यावयाची नसते. मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरनेंच करावयाची असते. मुलाची ओळख वर्तमानपत्रांतून उघड करणें हा अपराध आहे. 'कोर्टकचेरींत पोरीचें नांव होईल' ह्या भीतीनें जे पालक गप्प बसतात, त्यांना ह्या गोष्टी ठाऊक असणें जरूर आहे. १०९८ हा दूरध्वनि क्रमांक मुलांच्या साहाय्यासाठीं विनामूल्य आणि रात्रंदिवस चालू असतो.

कायदा असून काय होतें, ह्याचीं दोन उदाहरणें महाराष्ट्रांतच आहेत. चंद्रपूर जिल्ह्यांतील राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहांत आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरनें पोलिसांना कळविलें नाहीं, असा आरोप झाला. उच्च न्यायालयानें डॉक्टरविरुद्धचा खटला रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानें २ नोव्हेंबर २०२२ रोजीं तो निर्णय फिरविला आणि असा अपराध माहीत असून न कळविणें ही गंभीर बाब असल्याचें बजावलें. पुढें ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापूर येथील एका शाळेंत बालवर्गांतील दोन मुलींवर शाळेच्याच सेवकानें अत्याचार केल्याची तक्रार झाली. तक्रार नोंदविण्यांत दिरंगाई झाल्याबद्दल पोलीस अधिकारी निलंबित झाले. शाळेच्या चालकांवर न कळविल्याबद्दल गुन्हा नोंदविला गेला. २० ऑगस्टला संतप्त लोकांनीं रेल्वे अडविली आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन प्रकरणाची दखल घेतली. दोन्ही ठिकाणीं तक्रारीचा रोख केवळ अपराध्यावर नव्हता. ज्यांनीं वेळेवर बोलावयाचें ते बोलले नाहींत, हा दुसरा आरोप तितकाच मोठा होता.

बदलापूरच्या घटनेनंतर राज्य सरकारनें शाळांना आज्ञा दिल्या : कॅमेरे बसवावे, तक्रारपेटी ठेवावी, नोकरांची पूर्वचौकशी करावी, २०२२ मध्यें ठरविलेल्या 'सखी सावित्री' समित्या खरोखर चालवाव्या. पोक्सोच्या २०२० च्या नियमांनींहि मुलांशीं संबंध येणाऱ्या प्रत्येक नोकराची पोलिसांकडून चौकशी आवश्यक केली आहे. ह्या सर्व गोष्टी हव्या आहेत. परंतु त्यांच्या मर्यादाहि ओळखल्या पाहिजेत. कॅमेरा ओसरी पाहतो. तो मुलाचें ऐकत नाहीं. पहिलींतल्या मुलाला लिहितां येत नाहीं, तर त्यानें तक्रारपेटींत काय टाकावें? म्हणून प्रत्येक मुलाला शाळेंतल्या दोन तरी माणसांचीं नांवें माहीत असावीं, ज्यांच्याकडे तें वाटेल तेव्हां जाऊं शकेल. लहान मुलींच्या स्वच्छतागृहाशीं पुरुष नोकराचा संबंध येऊं नये. मुलाशीं एकट्यानें बोलावयाचें तें दार उघडें ठेवून बोलावें. बसमधून शेवटचें मूल उतरेपर्यंत एक स्त्री बरोबर असावी.

ह्या नियमांनीं शिक्षकांचा अपमान होतो, असें कित्येकांस वाटतें. बहुसंख्य शिक्षक पोटच्या पोरांप्रमाणें मुलांना जपतात, हें खरेंच आहे. परंतु सर्वांना सारखा लागू असलेला नियम कोणा एकावर संशय घेत नाहीं. उलट निर्मळ माणसाला तो खोट्या आळापासून वांचवितो. मारहाणीच्या बाबतींतहि हेंच घडलें आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ ह्यांना बंदी केली. गोव्यानें आपल्या २००३ च्या बालक कायद्यानें छडीला आधींच मनाई केली होती. त्यामुळें शिक्षकाची प्रतिष्ठा कमी झाली नाहीं. आणि छडीला भिणारें मूल मनांतली गोष्ट गुरुजींना सांगणार नाहीं, हें उघड आहे.

घरानें करावयाचें काम थोडें आणि रोजचें आहे. शरीराच्या सर्व अवयवांचीं नांवें मुलाला न लाजतां सांगावीं, म्हणजे वेळ आल्यास त्याला शब्द सांपडतील. जवळच्या माणसाचाहि स्पर्श नको वाटल्यास 'नको' म्हणूं द्यावें. आईबापांपासून लपवून ठेवण्याजोगें गुपित कोणतेंहि मोठें माणूस मुलाला सांगत नसतें, हें त्याच्या मनावर बिंबवावें. आणि शाळेंतून आल्यावर 'किती मार्क मिळाले?' ह्या प्रश्नाआधीं 'आज काय काय झालें?' हा प्रश्न विचारावा.

शाळेचें नांव आणि घराची अब्रू ह्या दोन गोष्टींसाठीं आजवर पुष्कळ मुलांना गप्प बसविण्यांत आलें. ज्या शाळेनें स्वतः पोलिसांकडे जाऊन मुलाची बाजू घेतली, तिचें नांव त्यामुळें बुडत नाहीं. आणि बुडालें तरी मुलाचें मोल त्याहून अधिक आहे. वर्गांत धडा चालू असतांना मुलानें तोंडावर बोट ठेवावें, हें ठीक. तें बोट काढून तें बोलूं लागेल, त्या वेळीं समोरच्या मोठ्या माणसानें हातांतलें काम खालीं ठेवावें आणि ऐकावें.