गावाकडचा पाऊस आणि इथली आरडी

नगरथपेटेत गलाईचं काम करणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांची शेती खानापूर-आटपाडीकडे आहे. तिथला त्यातल्या त्यात भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, आणि शाळूची पेरणी त्याच्याच ओलीवर. म्हणून डिसेंबरात नऊ महिन्यांची आरडी लावा. बी-बियाण्याला पैसे वेळेवर हाती येतात. दिवाळीला गावी नेलेली रक्कम कशात जाते, तुम्हाला ठाऊकच आहे!

शाळू निघाला की कडबा तेव्हाच भरून ठेवा. दुष्काळी उन्हाळ्यात वैरण महागते, जनावराचा भाव पडतो. पाऊस हुकलाच, तर जादा शेळ्या-मेंढ्या ऑक्टोबरातच विका, अंगावर मांस असताना. गाभण तेवढ्या राखा. पंतप्रधान पीकविम्यात रब्बी ज्वारीला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या जास्तीत जास्त दीड टक्का, मुदतीआधी भरा.