सांभाळणाऱ्यांचे शिक्षण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण पोटात ठेवलेली एक गोष्ट आज सांगते.

माझा भाचा मारामारीच्या गुन्ह्यात सापडला. कोर्टाने त्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले. १९५८ सालच्या कायद्यात तशी सोय आहे. देखरेखीला प्रोबेशन अधिकारी होते. राहायला तो माझ्या घरी आला.

मी काय केले? एक दिवस रडून समजूत घातली, गोडधोड केले. दुसऱ्या दिवशी तो अंगावर ओरडला, तशी पुढचे ताट ओढून घेतले आणि 'चालता हो' म्हटले. महिन्याभरात तो गेला. दोष सारा त्याचाच, असे मी चारचौघींत सांगत असे.

पुढे माझ्या बहिणीची मुलगी इंग्लंडहून आली. ती तिकडे प्रोबेशनच्या कामावर आहे. ती म्हणाली, काही माणसांना विश्वास टाकणे, राग आवरणे, नाती टिकवणे जमतच नाही. त्याला व्यक्तिमत्त्व-विकार म्हणतात. पुष्कळांच्या मुळाशी बालपणीचा मार आणि हेळसांड असते. म्हणून गुन्हा माफ होत नाही. पण नुसत्या दरडावण्याने माणूस सुधारतही नाही. अशा गुन्हेगारांसाठी तिकडे आरोग्यखाते आणि तुरुंग व प्रोबेशनचे खाते मिळून २०११ पासून एक योजना चालवतात. तिच्यात अधिकाऱ्यांनाच शिक्षण देतात. शिकवणाऱ्यांत स्वतः हा विकार भोगलेली माणसेही असतात.

शिकवतात काय? दिलेली वेळ पाळावी. जमणार नाही ते कबूल करू नये. नियम आधी सांगावा आणि रोज तोच ठेवावा. शिवी दिली तर मनाला लावून घेऊ नये, पण चालवूनही घेऊ नये. आपली बदली होणार असेल तर आधी सांगावे. अचानक सोडून जाणे अशा माणसाला फार लागते. अवघड प्रसंग मानसशास्त्रज्ञापुढे मांडून, हा असा का वागतो, याचा विचार करावा. आणि आपला राग, आपली भीती सहकाऱ्यांपाशी बोलावी. नाही तर सांभाळणाराच आज फार मऊ, उद्या फार कठोर होतो.

हे ऐकले आणि मला ते ओढून घेतलेले ताट आठवले. भाच्याला तो विकार होता की नाही, हे डॉक्टरांनी सांगायचे, मी नव्हे. पण माझी चूक मला कळली.

इंग्लंडच्या १९०७ सालच्या कायद्यात प्रोबेशन अधिकाऱ्याचे काम सांगितले होते: सल्ला द्यावा, साह्य करावे, मैत्री करावी. मैत्रीही शिकावी लागते, भगिनींनो. आपल्या जिल्ह्याच्या प्रोबेशन अधिकाऱ्यांना मंडळाने एकदा बोलवावे, त्यांच्या अडचणी ऐकाव्यात, अशी माझी विनंती आहे.

मी भाच्याला निरोप धाडला: दर गुरुवारी जेवायला ये, शिवीगाळ चालायची नाही. दोन गुरुवार आला, तिसऱ्याला आला नाही. चौथ्या गुरुवारी मी त्याचे पान मांडलेच होते. उशिरा का होईना, आला.