गोडाऊनचे कॅमेरे आणि ४१ मिनिटांचा घोळ

कसारा लोकलमध्ये दारात उभं राहून ऐकत असाल, तर जरा आत सरका आणि मग ऐका.

मी शहापूरचा. कॅमेरे बसवायचं काम करतो. आसनगाव, वासिंद, पडघा या पट्ट्यात नाशिक हायवेच्या दोन्ही बाजूंना किती गोडाऊन उभी राहिलीत, ते तुम्ही बघताच. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग आमणेपर्यंत पूर्ण सुरू झाला, तेव्हापासून अजून चौकशा यायला लागल्या. प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न एकच असतो, "सोळा कॅमेऱ्यांचे किती घेणार?" आज मी सांगणार आहे की हा प्रश्न पहिला का नसावा. आणि हे मी माझ्याच चुकीतून शिकलोय.

आसनगावजवळच्या एका गोडाऊनमधून फोन आला. माल कमी भरत होता. मॅनेजरने रेकॉर्डिंग काढलं, तर सकाळी ६ वाजून २२ मिनिटांनी एक हमाल पोरगा रॅकमधून खोकी उचलून नेताना दिसला. आणि गोडाऊन उघडतं सातला. झालं! पोरगा चोर ठरला. आटगावकडच्या पाड्यावरचा, विशीचासुद्धा नसेल. त्याला कामावरून बसवलं, पोलिसांत तक्रार द्यायची तयारी सुरू झाली. मला बोलावलं ते फक्त क्लिप पेनड्राइव्हवर काढून द्यायला.

पोरगा गेटवरच उभा होता. मला म्हणाला, "दादा, सातच्या आधी शटरच उघडत नाही, मी आत जाणार कसा?"

प्रश्न साधा होता, पण कोणी ऐकत नव्हतं. कारण काय, तर "स्क्रीनवर दिसतंय ना!"

मी रेकॉर्डरसमोर बसलो. स्क्रीनवर वेळ होती ११:०२. सवयीने मोबाईल बघितला, त्यात ११:४३. पोटात गोळाच आला. रेकॉर्डर ४१ मिनिटं मागे होता. म्हणजे ती क्लिप ६:२२ ची नव्हती, ७:०३ ची होती. पोरगा ड्युटीवर होता आणि सुपरवायझरने सांगितलेला माल डॉकवर नेत होता. नंतर चलनं तपासली, तर माल गाडीत भरतानाच मोजणी चुकलेली निघाली.

तो रेकॉर्डर दोन वर्षांपूर्वी मीच बसवलेला. त्याला इंटरनेट नव्हतं. आतली बटणासारखी बॅटरी संपली होती. कधीतरी लाईट गेल्यावर घड्याळ बिघडलं आणि कोणीतरी अंदाजाने वेळ टाकली. बसवून झाल्यावर मी पुन्हा कधी डोकावलोच नव्हतो.

तेव्हापासून माझं काम कागदापासून सुरू होतं. मालकाबरोबर गोडाऊनभर फिरायचं आणि प्रत्येक जागी विचारायचं, "उद्या इथे काही झालं, तर तुम्हाला नक्की काय बघायचंय?" चेहरा, गाडीचा नंबर, खोक्यांची मोजणी, की फक्त कोणीतरी आहे एवढंच? उत्तर बदललं की कॅमेरा बदलतो.

याला सोपं गणित आहे. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायचा, तर चित्रात एका मीटरला साधारण २५० पिक्सेल पाहिजेत. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे २५६० पिक्सेल असतात. म्हणजे जास्तीत जास्त १० मीटर रुंदीची जागा. तोच कॅमेरा ४० मीटरच्या अंगणावर लावला, तर मीटरला ६४ पिक्सेल उरतात. माणूस आहे हे कळेल, कोण आहे ते कळणार नाही. म्हणून गेटला वेगळा कॅमेरा, आणि तोही अडीच-तीन मीटर उंचीवर. पत्र्याच्या खाली सहा मीटरवर लावला, तर फक्त टोप्या मोजत बसाल.

डॉकच्या शटरला दुसरी गंमत. आत अंधार, बाहेर ऊन, त्यामुळे येणारा माणूस नुसता काळा दिसतो. तिथे डब्ल्यूडीआर असलेला कॅमेरा घ्या, म्हणजे उजेड आणि अंधार दोन्ही सांभाळणारा. रॅकमधल्या अरुंद गल्लीत चित्र उभं करून घ्या, नाहीतर अर्धी फ्रेम रॅकच्या पत्र्यातच जाते.

केबलचंही बघा. नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच. लांब गोडाऊनमध्ये ते अंतर पटकन संपतं. पुढे फायबर टाका. आपल्याकडे पावसाळ्यात विजा कशा कडाडतात ते माहितीये ना? अंगणातल्या खांबापर्यंत फायबर नेली, तर केबलवरून वीज आत येऊन रेकॉर्डर जळायचा धोका कमी होतो. रेकॉर्डर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर हवेत. एकच यूपीएसवर असेल तर उपयोग शून्य. आणि रात्री दिवे लावणाऱ्या कॅमेऱ्यासमोर कोळी जाळं विणतोच, तेव्हा महिन्याला एकदा काचेवर फडका मारा.

आता साठवण. दोन एमबीपीएसवर चालणारा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी खातो. सोळा कॅमेरे म्हणजे जवळजवळ ३४६ जीबी. तीस दिवसांचे १० टीबीच्या वर. स्टॉक मोजणी महिन्याला होते आणि हार्डडिस्क पंधरा दिवसांचीच असेल, तर चोरी कळेपर्यंत पुरावा पुसलेला असतो.

पासवर्ड बदला, हे सांगायलाच नको. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचे मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर जगभर ताब्यात घेतले होते.

आणि शेवटी वेळ. वेळ किती महाग पडते, ते जालन्याने बघितलंय. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत पोहोचले का, यावर तिथे खटला झाला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रेकॉर्डिंगची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत कायद्यातलं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून तो नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. तेव्हा नुसता व्हॉट्सअॅपवर फिरवलेला व्हिडिओ म्हणजे पक्का पुरावा नाही. मूळ रेकॉर्डर जपा.

माझ्या बिलाबरोबर आता एक छोटं कोष्टक जातं. दर सोमवारी रेकॉर्डरची वेळ, मोबाईलची वेळ, तपासणाऱ्याची सही. दोन मिनिटांचं काम आहे.

त्या पोराचं काय झालं? मॅनेजरने त्याला परत बोलावलं. तो आला, चार दिवसांची मजुरी घेतली आणि गेला. पुन्हा त्या गोडाऊनमध्ये आला नाही. मी त्याला म्हटलं, "चूक माझी होती." तो म्हणाला, "दादा, तुम्ही मोबाईल बघितला म्हणून. नाहीतर?"

त्या "नाहीतर"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्या दुकानात, सोसायटीत, गोडाऊनमध्ये कॅमेरा असेल, तर आज जाऊन त्याची वेळ मोबाईलशी ताडून बघा. किती मिनिटांचा फरक निघाला ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!