धुकं पुसायचं नाही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू तलावाचे फोटो काढतोस, त्यावरच दहा मिनिटं बोल." स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठीही त्यांनी माझा एक फोटो घेतला आहे. त्या फोटोबद्दल एक सूचना आली, तिचं उत्तर शेवटी देतो. आधी फोटो कसा होतो ते सांगतो.

कळंब्याच्या तलावावर धुकं रोज उतरत नाही. रात्री आभाळ निरभ्र हवं आणि वारा पडलेला हवा. मग जमीन भराभर थंड होते, तिच्या लगतची हवा गारठते आणि हवेतल्या ओलाव्याचे बारीक थेंब होतात. पाणी मात्र सावकाश थंड होतं. गार हवा त्या कोमट पाण्यावरून सरकली, की चहाच्या कपावर दिसते तशी वाफ तलावावर उठते. भूगोलाच्या तासाला आपण हे मार्कांसाठी पाठ केलं होतं. आता मी रात्री झोपण्यापूर्वी अंगणात येऊन आभाळ बघतो आणि मगच गजर लावतो.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. मी सहालाच पोचतो, कारण उगवतीआधीचा निळसर उजेड पुन्हा मिळत नाही. त्या दिवसांत सूर्य ऐन पूर्वेला नसतो. डिसेंबरच्या अखेरीस तो सुमारे २४ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. म्हणजे दक्षिणेला, कात्यायनीच्या डोंगराच्या बाजूला तोंड करून उभं राहिलं, की ऊन डावीकडून आणि थोडं समोरून येतं. समोरून आलेल्या उन्हात धुकं उजळून निघतं. ऊन पाठीमागून आलं तर तेच धुकं सपाट पांढरं दिसतं.

आता चौकट. चित्रकलेचे सर जलरंग शिकवताना सांगायचे, लांबचं पातळ रंगात, जवळचं घट्ट रंगात. धुकं हे काम आपणहून करतं. पण जवळचं घट्ट काहीतरी आपल्याला शोधावं लागतं. झाडाची एखादी फांदी, गवताचा पुंजका, काठावरचा दगड. ते नसेल तर फोटो म्हणजे कोरा कागद. पाण्यातलं प्रतिबिंब चांगलं असेल तर काठाची रेघ वर घ्या, आभाळ चांगलं असेल तर खाली घ्या. आणि थोडं थांबा. धुकं हलतं. मघाशी झाकलेलं झाड दोन मिनिटांनी बाहेर येतं.

कॅमेऱ्याचा एक स्वभाव लक्षात ठेवा. समोर सगळं पांढरट असलं, की तो त्याचं राखाडी करून टाकतो. म्हणून उजेड पाऊण ते एक स्टॉप वाढवावा लागतो. सूर्य चौकटीत आला की मात्र उलट. त्याच्याभोवतीचा भाग एकदा पांढराफटक झाला, की तो पुन्हा मिळत नाही. मोबाईलवाल्यांनी पडद्यावर सूर्याजवळच्या उजळ भागावर बोट ठेवावं आणि उजेडाची पट्टी खाली ओढावी.

घरी आल्यावर संपादन. सॉफ्टवेअरमध्ये डिहेझ नावाची एक पट्टी असते. ती पुढे ओढली की धुकं विरळ होतं आणि फोटो 'स्वच्छ' होतो. अरे, ज्याच्यासाठी पहाटे थंडीत कुडकुडलो तेच पुसायचं? मी तिला हात लावत नाही. फक्त जवळच्या झाडाची काळोखी थोडी वाढवतो, मग मागचं धुकं आपोआप मऊ दिसतं. व्हाइट बॅलन्सही ऑटोवर सोडत नाही, कारण तो पहाटेचा निळा आणि उन्हाचा सोनेरी, दोन्ही धुऊन टाकू शकतो. रंग वाढवून झाले की उठतो, चहा घेतो आणि परत येऊन बघतो. बहुतेक वेळा निम्मे मागे घ्यावे लागतात.

आता त्या सूचनेबद्दल. मुखपृष्ठाच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात धुक्यातून काही इमारती आणि मोबाईलचा एक टॉवर डोकावतो. आपल्यातलाच एक मित्र म्हणाला, "तेवढं काढून टाक मर्दा, आपल्या वेळचा तलाव दिसू दे." काम अर्ध्या मिनिटाचं आहे आणि कुणाला कळणारही नाही. तरी मी नाही म्हणालो.

आपल्या कोल्हापुरात आबालाल रहिमान होऊन गेले. मुंबईच्या जे. जे. त शिकलेले, शाहू महाराजांचा आश्रय लाभलेले चित्रकार. १९३१ साली ते गेले. इथल्या पाण्याकाठची निसर्गचित्रं त्यांनी रंगवली. एखादं झाड घ्यायचं की गाळायचं हा चित्रकाराचा अधिकार आहे आणि बघणाऱ्यालाही ते माहीत असतं. फोटो बघणारा मात्र 'हे असं होतं' म्हणून बघतो. लेन्सवरच्या धुळीचा डाग मी काढतो, उजेड सावरतो, चौकट कापतो. पण जे तिथे उभं होतं ते नव्हतं असं करत नाही. या तलावानं शहराला पाणी पाजलं आहे. वीस वर्षांनी कुणी विचारलं, पाणी कुठवर होतं, घरं कुठवर आली होती, तर आपलं मुखपृष्ठ खरं उत्तर देईल. शिवाय त्या इमारतींत आपल्याच वर्गातल्या दोघांचे फ्लॅट आहेत. त्यांना कसं पुसू?

आपल्या वेळचा तलाव बघायचा असेल तर तो आपल्या जुन्या अल्बममध्ये आहे. सहलीचे, पोहायला गेल्याचे, मागे पाणी दिसणारे फोटो शोधा. मागच्या बाजूला साल आणि नावं पेन्सिलीनं लिहा आणि माझ्याकडे आणून द्या. मी ते स्कॅन करून मूळ फोटो परत देईन. पुढच्या मेळाव्यात जुने आणि आजचे फोटो शेजारी शेजारी लावू.

मुखपृष्ठावर धुकं आहे तसं आहे, इमारतीही आहेत. गोड मानून घ्या.